पहिला भाड्याचा फ्लॅट: पुण्यात वन बीएचके घेऊन भाड्याने देणाऱ्यांसाठी

ओळखीतले बरेच जण हल्ली हेच विचारतात, की थोडे पैसे साठलेत, एफडीत ठेवून काही हाती लागत नाही, एखादा छोटा फ्लॅट घेऊन भाड्याने टाकू का. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. माझा अनुभव सगळा पुणे-पिंपरी चिंचवडचा, त्यामुळे नाशिक-नागपूर-ठाणेवाल्यांनी भाव आपापले लावून घ्या, कायदा बहुतेक तोच आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. लोक आधी फ्लॅट शोधतात, आवडला की घेतात, आणि ताबा मिळाल्यावर डोकं खाजवतात की आता इथे राहायला कोण येणार. हे उलटं करायचं. खाली सगळं त्याच क्रमाने लिहिलंय.

१. आधी भाडेकरू ठरवा, मग एरिया

तुमचा भाडेकरू कोण असणार हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर अजून फ्लॅट बघायला जाऊ नका. हिंजवडी, वाकड, मारुंजी या पट्ट्यात आयटीतली पोरं-पोरी आणि नवीन लग्न झालेली जोडपी, नऱ्हे-आंबेगावला कॉलेजचे विद्यार्थी, मोशी-चाकणकडे कंपनीतले कामगार आणि सुपरवायझर, कोथरूड-कर्वेनगरला फॅमिली आणि शिकायला आलेल्या मुली. यातल्या प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवं असतं. विद्यार्थ्यांना चौथा मजला बिनलिफ्टचा चालतो पण कॉलेज चालत जाता आलं पाहिजे, फॅमिलीला शाळा आणि किराणा जवळ लागतो, आयटीवाल्याला पार्किंग आणि इंटरनेट नसेल तर तो जिन्यातूनच परत जातो.

सीझन पण लक्षात घ्या. विद्यार्थी जून-जुलैत येतात, फॅमिली शाळेच्या सुट्टीत म्हणजे एप्रिल-मेमध्ये घर बदलते. विद्यार्थी एरियातला फ्लॅट सप्टेंबरात रिकामा झाला तर तो रिकामा राहू शकतो, नाहीतर भाडं पाडून द्यावं लागतं. आयटी पट्ट्यात हे तेवढं नसतं, तिथे वर्षभर कोणीतरी येत-जात असतं, पण तिथे नवीन टॉवरही सतत उभे राहतात आणि एकाच सोसायटीत एका वेळी वीस-पंचवीस फ्लॅट भाड्याला लागलेले असतात, म्हणजे तुमची स्पर्धा तुमच्याच बिल्डिंगमध्ये.

भाडं किती येतं हे बिल्डरच्या सेल्स ऑफिसमध्ये विचारू नका. तिथे कधीच कमी सांगत नाहीत. त्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा, दोन ब्रोकरला भाडेकरू म्हणून फोन करा, आणि त्यांनी सांगितलेल्या भाड्यात मेंटेनन्स धरलाय का ते नक्की विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी 'इन्क्लुडिंग मेंटेनन्स' आकडा सांगतात आणि तो दीड-दोन हजार तुमच्याच खिशातून जातो.

२. गणित कागदावर मांडा, आणि हप्ता भाड्यातून निघेल हे विसरा

समजा ४५ लाखांचा वन बीएचके आहे, रिसेल. पुणे मनपा हद्दीत स्टॅम्प ड्युटी मेट्रो सेस वगैरे धरून ७ टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार. रजिस्ट्रेशन १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. वकील, सोसायटीची ट्रान्सफर फी, रंग, गीझर, पंखे, किचन ट्रॉली, खिडक्यांना जाळ्या मिळून दीड लाख धरा. एकूण ५० लाखांच्या घरात गेलं.

आता भाडं १५ हजार. वर्षाचे बारा महिने धरू नका, अकरा धरा, एक महिना भाडेकरू बदलण्यात जातो. १ लाख ६५ हजार आले. त्यातून मेंटेनन्स २४ हजार, मिळकत कर १० हजार, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) दोनेक हजार, किरकोळ दुरुस्ती आणि रंग १२ हजार. हातात राहिले १ लाख १७ हजार. पन्नास लाखांवर सव्वादोन-अडीच टक्के! ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं अजून धरलेलं नाही.

आणि लोन घेतलं असेल तर ३६ लाखांचं, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांचं, हप्ता सव्वाएकतीस हजारांच्या आसपास. म्हणजे भाडं आलं तरी दर महिन्याला अर्ध्याहून जास्त हप्ता पगारातून भरायचाय. हे झेपणार असेल तरच पुढे वाचा. मी घेऊ नका म्हणत नाहीये, जागेची किंमत वाढण्यावर भरवसा ठेवून घेणारे पुष्कळ आहेत आणि काहींचं चांगलं झालंय, पण 'भाड्यातून हप्ता फिटेल' हे वाक्य जो सांगेल त्याच्याकडून फ्लॅट घेऊ नका एवढंच.

३. स्वतःचे पैसे किती लागतील

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या लोनला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के यापेक्षा जास्त बँक देऊ शकत नाही. आणि स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन त्या किमतीत धरत नाहीत, ते तुमचंच. म्हणजे वरच्या उदाहरणात ९ लाख डाउन पेमेंट अधिक साडेतीन लाख सरकारी खर्च अधिक बाकीचे, १४ लाखांच्या आसपास रोकड हाताशी पाहिजे. शिवाय चार-सहा महिन्यांचे हप्ते बाजूला, कारण पहिला भाडेकरू ताबा मिळाल्या मिळाल्या उभा नसतो.

बायकोच्या, आईच्या किंवा बहिणीच्या एकटीच्या नावावर घेतला तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे. चांगलीच आहे, पण पैसे नवऱ्याने दिले असतील तर बायकोच्या नावावरच्या फ्लॅटचं भाडं इन्कम टॅक्ससाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, त्यामुळे टॅक्स वाचेल या आशेने करू नका.

अंडर कन्स्ट्रक्शन घेताय तर ५ टक्के जीएसटी वेगळा, आणि ४५ लाखांच्या आतल्या छोट्या फ्लॅटला १ टक्का. कम्प्लिशन मिळालेल्या किंवा रिसेल फ्लॅटला जीएसटी नाही. पहिल्यांदाच घेणाऱ्याने भाड्यासाठी अंडर कन्स्ट्रक्शनच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. महारेरावर, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या वेबसाइटवर, ताब्याची तारीख दिसते, ती पुढे ढकललेलीही दिसते, आणि तोवर भाडं शून्य आणि व्याज चालू.

४. फ्लॅट बघायला कसं जायचं

ब्रोकर तुम्हाला रविवारी अकरा वाजता नेणार, सगळ्या खिडक्या उघड्या, दिवे लावलेले. एकदा त्याच्यासोबत जा, मग परत एकटे जा, कामाच्या दिवशी सकाळी सात-साडेसातला. गेटवर टँकर उभा आहे का बघा. वाघोली, धानोरी, बावधनकडे कितीतरी सोसायट्या अजून टँकरवर आहेत, उन्हाळ्यात टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि भाडेकरू पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतो.

मग लिफ्टशेजारचा नोटीस बोर्ड वाचा. हे कोणी करत नाही. तिथे थकबाकीदारांची यादी लावलेली असते, पाण्याच्या वेळा असतात, 'बॅचलर्सना फ्लॅट देऊ नये' असा ठराव चिकटवलेला असतो, लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार (एएमसी) संपल्याची नोटीस असते. यादीत वीस-तीस फ्लॅटची थकबाकी दिसली तर समजायचं की सोसायटीकडे पैसा नाही आणि टेरेसचं वॉटरप्रूफिंग तुमच्या वर्गणीतून होणार. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर बेडरूमचा कोपरा हाताने दाबून बघा, ताज्या रंगाखाली भिंत ओली-भुसभुशीत लागते.

एवढं झाल्यावर सेक्रेटरीला भेटा आणि सरळ विचारा, मी भाड्याने देणार आहे, काही अडचण? सहकारी सोसायटीत फ्लॅट भाड्याने द्यायला आदर्श उपविधीप्रमाणे (सरकारने ठरवून दिलेली सोसायटीची नियमावली) परवानगी लागत नाही, आधी लेखी कळवायचं आणि कराराची कॉपी, पोलीस माहितीची कॉपी द्यायची. पण कायदा एकीकडे आणि रोज रात्री गेटवर तुमच्या भाडेकरूची बाईक अडवणारा चेअरमन एकीकडे. अशी सोसायटी टाळलेली बरी.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, २००१ पासून तसा शासनाचा आदेश आहे. काही सोसायट्या सर्रास डबल मेंटेनन्स लावतात, म्हणून बिल हातात घेऊन बघा. ट्रान्सफर फी पण शहरात जास्तीत जास्त २५ हजार, त्यावर 'स्वेच्छा देणगी' मागतात ती द्यायची सक्ती नाही. मात्र पुण्यात बऱ्याच बिल्डिंग सोसायटी नसून अपार्टमेंट असतात, तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट असतं आणि नियम त्यांच्या घोषणापत्रातले चालतात. कुठला प्रकार आहे हे पहिल्याच दिवशी विचारा.

५. कोणती कागदपत्रं मागायची

विकणाऱ्याकडून हे सगळं झेरॉक्स घ्या आणि ओरिजिनल डोळ्याने बघा:

- बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे रजिस्टर्ड करार, मधला एकही सुटलेला नको
- प्रत्येक कराराचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) आणि रजिस्ट्रेशनची पावती
- भोगवटा पत्र म्हणजे कम्प्लिशन, आणि मंजूर नकाशा
- शेअर सर्टिफिकेट किंवा डीड ऑफ अपार्टमेंट
- सोसायटीचं ना हरकत आणि थकबाकी नसल्याचं पत्र
- चालू वर्षाची मिळकत कराची पावती, महावितरणचं शेवटचं बिल, गॅस पाइपलाइन असेल तर त्याचं बिल
- विकणाऱ्याचं लोन चालू असेल तर बँकेचं बाकी रकमेचं पत्र आणि बँकेत कोणती कागदं जमा आहेत त्याची यादी

वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजा तपासल्याचा अहवाल, घ्या. तुमचाच वकील, ब्रोकरने आणलेला नाही. भोगवटा पत्र नसेल तर स्वस्त मिळतोय म्हणून मोह आवरा, बँका मागे हटतात आणि उद्या तुम्हाला विकतानाही तोच त्रास.

मिळकत कराच्या पावतीत एक गोम आहे. पुणे मनपा हद्दीत मालक स्वतः राहत असेल तर करात ४० टक्के सवलत मिळते, भाड्याने दिला की ती जाते. विकणारा स्वतः राहत असेल तर त्याच्या पावतीवरचा आकडा बघून हुरळून जाऊ नका, तुम्हाला येणारं बिल त्यापेक्षा बरंच जास्त असणार.

६. टोकन आणि रजिस्ट्रेशन

टोकन म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम चेकने किंवा यूपीआयने द्या, आणि पावतीवर एक ओळ लिहून घ्या: लोन मंजूर झालं नाही किंवा कागदात दोष निघाला तर टोकन परत. ही ओळ लिहायला जो आढेवेढे घेतो त्याचं टोकन तुमच्याच खिशात राहू द्या. रोखीचा भाग मागितला तर नको म्हणा, प्रॉपर्टीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणं इन्कम टॅक्स कायद्यात बसत नाही. स्टॅम्प ड्युटी कराराची किंमत किंवा रेडीरेकनर (सरकारने ठरवलेला भाव) यातली जी जास्त त्यावर लागते. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातून आधीच कापायचा इन्कम टॅक्स, तुम्ही कापून भरायचा, विकणाऱ्याने नाही.

७. फ्लॅट तयार करा, सजवू नका

फॉल्स सीलिंग, वॉलपेपर, महागडे दिवे यातून भाडं वाढत नाही. गीझर, पंखे, ट्यूब, किचन ट्रॉली, एक कपाट, जाळ्या, पडद्याचे रॉड, झालं. भिंतींना धुता येईल असा फिका रंग. बाथरूमचे नळ मात्र चांगल्या कंपनीचे बसवा, कारण रविवारी रात्री फोन येतो तो नळाचाच येतो.

८. भाडेकरू निवडताना

ब्रोकर साधारण एक महिन्याचं भाडं घेतो, कुठे दोन्हीकडून घेतो, आधीच ठरवा. भाडेकरूकडून आधार, पॅन, कंपनीचं ऑफर लेटर किंवा आयडी, कायमचा पत्ता आणि आधीच्या घरमालकाचा नंबर घ्या. आणि त्या नंबरवर खरंच फोन करा, दोनच प्रश्न: भाडं वेळेवर यायचं का, आणि डिपॉझिटमधून काही कापावं लागलं का.

विद्यार्थी असतील तर चार जणांपैकी एकाशी बोलून भागत नाही, सगळ्यांची नावं करारात पाहिजेत आणि एखाद्याच्या वडिलांशी बोलणं झालेलं बरं. डिपॉझिट पुण्यात दोन-तीन महिन्यांचं चालतं. हजार-पाचशे जास्त देणाऱ्यापेक्षा दोन-तीन वर्षं टिकणारा माणूस कधीही परवडतो, वरचं गणित परत बघा, एक रिकामा महिना म्हणजे १५ हजार गेले.

पोलिसांना माहिती देणं टाळू नका. शहर पोलिसांच्या वेबसाइटवर फॉर्म भरता येतो, त्याची प्रिंट सोसायटीला द्या. दिली नाही आणि काही घडलं तर गुन्हा मालकावर दाखल होऊ शकतो.

९. करार: नोटरी नको, रजिस्टर्डच

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. 'अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी केली की झालं' हे महाराष्ट्रात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा करार, लेखी आणि रजिस्टर्ड असलाच पाहिजे, कितीही महिन्यांचा असो, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतात, खोटं ठरवायचं काम तुमचं.

रजिस्टर्ड असेल तर त्याच कायद्याचं कलम २४ तुमच्या बाजूने आहे. मुदत संपल्यावर भाडेकरू निघाला नाही तर सिव्हिल कोर्टात वर्षानुवर्षं न घासता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं.

खर्च बघाल तर हसाल. मुदतीचं एकूण भाडं अधिक परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, याच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी. १५ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट, अकरा महिने, तर चार-पाचशे रुपये. शहरात रजिस्ट्रेशन १ हजार. वर एजंटची फी, तो मशीन घेऊन घरी येतो, मालक-भाडेकरू आणि दोन साक्षीदार सगळ्यांचे आधारवर अंगठे, अर्ध्या तासात काम होतं. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवरून स्वतःही करता येतं. मुदत ६० महिन्यांपर्यंत ठेवता येते, मी २२ किंवा ३३ महिन्यांचा करतो, दरवर्षी वाढ आतच लिहून टाकायची.

करारात हे असलंच पाहिजे: भाडं कोणत्या तारखेपर्यंत, मेंटेनन्स कोण भरणार, लाइट-गॅस कोणाचं, दरवर्षीची वाढ किती टक्के, लॉक-इन (ज्या काळात मध्येच सोडता येत नाही तो) किती महिने, नोटीस किती दिवसांची, राहणाऱ्या सगळ्यांची नावं, दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि घरातल्या वस्तूंची यादी.

१०. किल्ली देताना आणि परत घेताना

किल्ली द्यायच्या दिवशी भाडेकरूसोबत पूर्ण फ्लॅटचा व्हिडिओ काढा, लाइट आणि गॅस मीटरचं रीडिंग दिसेल असा, गीझर चालू करून, प्रत्येक नळ उघडून, आणि तिथल्या तिथे दोघांच्या व्हॉट्सअॅपवर टाका. निघताना तोच व्हिडिओ समोर ठेवून फिरायचं. खिळ्याची भोकं, रंग मळणं ही नेहमीची झीज, त्याचे पैसे कापू नका, फुटलेलं बेसिन आणि हरवलेली किल्ली ही नाही. शेवटच्या महिन्याचं लाइट बिल नंतर येतं, म्हणून रीडिंगवरून हिशोब करून तेवढेच ठेवा आणि बाकी डिपॉझिट त्याच दिवशी परत करा. पुण्यात मालक डिपॉझिट बुडवतात ही बोंब उगाच नाही, आणि जाणारा भाडेकरू खूश असेल तर पुढचा भाडेकरू तोच आणून देतो, ब्रोकरेज वाचतं.

११. टॅक्स

भाड्यातून तुम्ही भरलेला मिळकत कर वजा, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजा, मग लोनचं व्याज वजा. रंग-दुरुस्तीची बिलं जपून काही उपयोग नाही, त्या ३० टक्क्यांतच सगळं आलं. वरच्या उदाहरणात १ लाख ८ हजार उरतात आणि पहिल्या वर्षाचं व्याजच तीन लाखांच्या आसपास, म्हणजे भाड्यावर टॅक्स शून्य आणि वर तोटा. इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत (ओल्ड रिजीम) हा तोटा २ लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो, नवीन पद्धतीत नाही. बरेच जण ऑफिसमध्ये नवीन पद्धत निवडून बसलेत आणि डोक्यात मात्र जुन्या काळचं 'लोन घेतलं की टॅक्स वाचतो' आहे, तेव्हा सीएला एकदा विचारून घ्या.

परदेशात असलेल्यांसाठी वेगळं. मालक एनआरआय असेल तर भाडं कितीही असो, भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो, सेस धरून ३१.२ टक्के, रिटर्न भरून जादा गेलेला परत मागायचा. भाडं एनआरओ खात्यात (एनआरआयचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) घ्यायचं. इथे सही करायला भावाला-आईला मुखत्यारपत्र लागतं, ते तिकडच्या भारतीय दूतावासात करून पाठवलं तर भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरायला विसरू नका. आणि टीडीएसचं भाडेकरूला घर दाखवतानाच सांगा. साध्या पगारदार माणसाला टॅन नंबर (टीडीएस भरण्यासाठी लागणारा) काढून दर महिन्याला कर भरायचाय हे कराराच्या दिवशी कळलं तर तो अंगठा न देताच निघून जातो.